एकाच वाहिनीचा रविवार

१९८९ साली खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावात टीव्ही मोजक्या घरांत होता आणि वाहिनी एकच होती, दूरदर्शन. दिल्लीचं प्रक्षेपण उपग्रहावरून घ्यायचं आणि १०० वॅटच्या लहान केंद्रातून पुढे सोडायचं, अशी तेव्हाची सोय होती. आमचं गाव त्या केंद्राच्या टप्प्याच्या अगदी कडेला. त्यामुळे अँटेना उंच बांबूवर बांधलेला असायचा आणि वारं सुटलं की कोणाला तरी धाब्यावर चढावंच लागायचं. वरून विचारणा व्हायची, "आलं काय?" खालून उत्तर, "मुंग्याच हायेत अजून!" मग एकदम आरडाओरडा, "आलं, आलं, हालू नोको आता!"

रविवारची सकाळ महाभारताची. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालेली ही मालिका पुढे जून १९९० पर्यंत चालली. तेवढा काळ रविवारी सकाळी कोणी वावरात गेलेलं मला आठवत नाही. ऐन वेळी लाइन गेली, की बाबा ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. आमचा संच काळा-पांढरा, छोटा, बारा व्होल्टवर चालणारा. बॅटरीला दोन चिमटे लावले की पडद्यावर आधी एक उजेडाची रेघ उमटायची, ती हळूहळू रुंदावत जायची आणि हरीश भिमानींच्या आवाजातला, कथा सांगणारा काळ बोलू लागायचा. आजी हात जोडूनच बसायची. संवाद राही मासूम रझांचे आहेत हे आमच्या गुरुजींनी एकदा सगळ्यांना सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "चांगलं लिहिते बापा तो." हीच मालिका पुढे ब्रिटनमध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवरही दाखवली गेली.

महाभारत संपलं की ओसरी रिकामी व्हायची. मला मात्र त्यानंतरचा रविवार जास्त आठवतो.

दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या लागायच्या. आमच्या गल्लीत एक मुलगा होता, जन्मापासून ऐकू न येणारा. एरवी टीव्हीपुढे तो सगळ्यांच्या मागे बसायचा, या बातम्यांना मात्र सरळ पुढे यायचा. बातम्या देणाऱ्या बाईंचे हात, बोटं, भुवया, ओठ, सगळं तो डोळे न मिटता बघायचा. त्या खुणा त्याला कोणी शिकवल्या नव्हत्या. त्याच्या घरातल्या खुणा वेगळ्या, भाकरीची निराळी, बैलाची निराळी. तरी एखादा हातवारा तो लगेच स्वतः करून बघायचा आणि आमच्याकडे वळून हसायचा. आम्हा पोरांना खेळायला जायची घाई असायची. कोणी बटणाकडे हात नेला की आजी चुलीपाशून ओरडायची, "बंद नोको करू रे, त्याचं चालू हाय!" त्या घरात, त्या दुपारी, टीव्ही त्याचा होता. जाहिरातदाराला या पंधरा-वीस मिनिटांत काय मिळत असणार? तरीही कोणीतरी दिल्लीत बसून ठरवलं होतं की हे दाखवायचं.

मग प्रादेशिक भाषेतला चित्रपट, बहुतेक वेळा पुरस्कार मिळालेला. आज मल्याळी, पुढच्या वेळी बंगाली, कधी उडिया. खाली इंग्रजी अक्षरं. गावात ती वाचणारे एक गुरुजीच. ते आले तर वाचून वऱ्हाडीत सांगायचे, नाही आले तर आम्ही चेहऱ्यांवरून अंदाज बांधायचो. असाच जानू बरुआंचा 'हलधिया चराये बाओधान खाय' हा आसामी चित्रपट लागला. एका गरीब शेतकऱ्याची जमीन गावातला व्यापारी कागदाच्या जोरावर स्वतःची म्हणू लागतो, आणि तो माणूस या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालत राहतो. बाबा सहसा दुपारी झोपायचे. त्या दिवशी मात्र ते भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. गुरुजी अक्षरं वाचायला लागले तर म्हणाले, "राहू द्या मास्तर, समजून राह्यलं." धानाचं शेत आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, आमचा सगळा मुलूख कपाशी-ज्वारीचा. पण गहाणखत, सावकार, साहेबाच्या टेबलापुढे टोपी काढून उभं राहणं, हे सांगायला दुभाषा कशाला हवा? बाबांनी कधी नागपूरच्या पुढे पाऊल टाकलं नाही. आसामातल्या शेतकऱ्याबद्दल मात्र ते पुढे कित्येक वर्षं बोलत, जणू तो शेजारच्या गावचा होता.

संध्याकाळी हिंदी सिनेमा, त्याला पुन्हा अख्खं गाव. मध्येच बातम्या, तेव्हा बाया भाकरी टाकून यायच्या. रात्री उशिरा कधी शास्त्रीय गाणं लागायचं. ते आमच्याकडे फारसं कोणी ऐकलं नाही. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम, 'आमची माती आमची माणसं' वगैरे, आमच्याकडे पुढे दिसू लागले आणि मग शेतीची माहितीही आपल्या बोलीत येऊ लागली.

आता त्याच घरात डिश आहे, हातात मोबाइल आहे, ज्याला जे हवं ते तो बघतो. यात वाईट काहीच नाही. माझ्या मुलांना अँटेना फिरवावा लागत नाही याचा मला आनंदच आहे. पण आसामी शेतकऱ्याचा सिनेमा बाबांनी स्वतःहून कधीच निवडला नसता. तो त्यांच्यापुढे आला, कारण त्या वेळेला दुसरं काही नव्हतं आणि जे होतं ते कोणीतरी विचार करून ठेवलेलं होतं. कमी लोक बघतील म्हणून एखादी गोष्ट गाळायची नाही, हे सार्वजनिक वाहिनीचं पहिलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची फ्री डिश दरमहा पैसे न भरता दिसते आणि ती खेड्यापाड्यांत पोचलेली आहे. म्हणून दूरदर्शनच्या मराठी सह्याद्री वाहिनीला माझी विनंती आहे, की रविवारची दुपार देशातल्या इतर भाषांमधल्या चांगल्या चित्रपटांसाठी राखून ठेवा, आणि खालची अक्षरं मराठीत द्या.