उसातलं 'को' आणि जानकी अम्मल

बोरीवली स्टेशनबाहेर रसवंतीवर "बर्फ कमी, आलं जास्त" अशी ऑर्डर देताना हा ऊस कुठून आला, असा विचार आपल्यापैकी कुणी करत नाही. मीही करत नव्हतो. पण माझा रूममेट इस्लामपूरकडचा, घरी चार एकर ऊस. त्याने एकदा सांगितलं की त्यांच्या शेतातल्या जातीचं नाव 'को ८६०३२', आणि त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्रातून निघालेली जात.

हा गडी गेले सहा महिने म्हणतोय की कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणार नाही, जेनेटिक्सकडे वळणार. वडील फोनवर तापतात. "परत उसाकडंच यायचं हुतं, तर एवढी फी कशाला भरली?" आमची रूम तेव्हापासून वादसभा झाली आहे. त्या वादात मला डॉ. जानकी अम्मल सापडल्या.

जन्म १८९७ चा, केरळातल्या तेल्लिचेरीचा. मद्रासला शिक्षण, मग शिष्यवृत्तीवर थेट अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ. १९२५ ला मास्टर्स, १९३१ ला डॉक्टरेट. लग्न केलंच नाही. १९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या केंद्रात आल्या.

आता थोडं टेक्निकल, पण व्हायव्हापेक्षा सोपं. गोड, जाड उसात ८० क्रोमोझोम असतात, पण तो नाजूक, रोगाला लगेच बळी पडणारा. नदीकाठी उगवणारं काश गवत त्याचं रानटी भावंडं; गोडी नाही, पण चिवट. या दोघांचा संकर करून को २०५ ही जात १९१८ मध्येच आली होती. जानकीबाईंचा प्रश्न पुढचा होता: आत नेमकं काय घडतं? मुळाचं टोक कापायचं, रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक क्रोमोझोम मोजायचा. दिवसेंदिवस हेच काम! त्यांनी उसाचा संकर मक्याशी केला, ज्वारीशी केला, बांबूशीसुद्धा केला. दूरच्या संकरात क्रोमोझोमना जोडीदार मिळत नाहीत, म्हणून ते रोप खेचरासारखं वांझ राहतं. पण सगळे क्रोमोझोम दुप्पट झाले की प्रत्येकाला जोडी मिळते आणि नवीच जात उभी राहू शकते. उत्क्रांतीची वाट लाखो वर्षांचीच असते असं नाही, वनस्पतींमध्ये ती कधी कधी एका पिढीत उडी मारते. मला तरी हे आमच्या थर्मोडायनॅमिक्सपेक्षा थरारक वाटलं.

पण एकटी बाई, त्यात समाजाने खालची ठरवलेली जात. पुरुष सहकाऱ्यांमध्ये तिथलं वातावरण सुखाचं नव्हतं. त्या इंग्लंडला गेल्या. १९४० पासून, बॉम्ब पडत असताना, जॉन इन्स संस्थेत काम केलं आणि १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींचा क्रोमोझोम अॅटलास काढला. मग विस्लीची बाग. तिथे मॅग्नोलियाची एक जात आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या, बोटॅनिकल सर्व्हेची घडी नव्याने बसवायला. १९५४ साली तिथे प्रमुख म्हणून आले ते आपल्या मुंबईच्या झेवियर्सचे फादर सांतापाव. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी केलेलं काम मोठंच आहे, पण या पदावर मूळचा युरोपीय माणूस आला हे जानकीबाईंना अजिबात रुचलं नाही. इथे मी दोघांच्याही बाजूने विचार करून पाहिला. मत बाईंकडेच झुकतं.

निवृत्तीनंतर काही काळ त्या ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात होत्या, म्हणजे आपल्यापासून दोन लोकल आणि एक बस इतक्या अंतरावर! १९७० मध्ये मद्रास विद्यापीठात गेल्या. १९७७ ला पद्मश्री. ऐंशीच्या घरात असताना केरळातली सायलेंट व्हॅली धरणात बुडू नये म्हणून तिथल्या झाडांचे क्रोमोझोम तपासत होत्या. १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. ७ फेब्रुवारी १९८४ ला त्या गेल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.

रूममेटने हे सगळं वडिलांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "त्या बाईला पगार किती हुता?" याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं. ते दिवाळीनंतर हॉस्टेलवर येणार आहेत, समोरासमोर बोलायला. येताना दोन मोळ्या ऊस आणतो म्हणाले.