पिवळ्या पायांचा चतुर

परवा तळ्याकाठी बाबांच्या स्वेटरवर लाल चतुर येऊन बसला. न्यू जर्सीत, नोव्हेंबरात! मे महिन्यापासून आम्ही दोघं पुस्तक घेऊन फिरतोय, त्यामुळे बाबा लगेच कुजबुजले, "पाय बघ गं." पाय पिवळसर. म्हणजे 'ऑटम मेडोहॉक'! इथल्या त्याच्या बहुतेक लाल भाऊबंदांचे पाय काळे, आणि त्यांचा हंगामही आधीच आटोपतो. पूर्वी याला 'यलो-लेग्ड' म्हणायचे. मला तेच नाव आवडतं.

लहानपणी मी चतुराच्या शेपटीला दोरा बांधला होता. बाबा ओरडले नाहीत, गाठ मात्र त्यांनीच सोडवली. आता त्यांचे हात थरथरतात. तरी हा बराच वेळ बसून राहिला, उबेला. शनिवारी बाबांचं विमान आहे.

"उद्या येऊया पुन्हा?" त्यांनी विचारलं.