साधुवाण्याची नाव

नगरच्या लष्करी छावणीला खेटून असलेले भिंगार समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तरी वास्तुशांतीला किंवा श्रावणात चौरंगाला केळीचे खुंट बांधले, की इथल्या घरांत एक नाव संकटात सापडते. स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगितली जाणारी सत्यनारायणाची कथा पाच अध्यायांची. त्यांतला तिसरा आणि चौथा साधुवाण्याच्या सफरीचा. अनुष्टुभातला हा प्रवास चालू मराठीत उभा करणे, हे पोथी सांगणाऱ्या गुरुजींचे खरे कसब.

नवस पुढे ढकलणे, चंद्रकेतू राजाच्या नगरात चोरीचा आळ, कैद हा भाग झपाट्याने सांगितला तरी चालतो. थांबायचे ते चौथ्या अध्यायात. दंडी संन्यासी नावेत काय आहे विचारतो; वेली आणि पाने, असे उत्तर मिळते. तुझे बोलणे खरे होवो, एवढेच तो म्हणतो. नित्यकर्म उरकून वाणी परततो, तर नाव पाण्यावर उचललेली दिसते. मालाने भरलेली नाव खोल बसते, हलकी झाली की वर येते. आतली पाने नजरेला पडण्याआधी नावेनेच घात सांगितलेला असतो. श्लोकात हे एका ओळीत येते. जाणता गुरुजी तिथे श्रोत्यांना काठावर उभे करतो.

अवघड जागा पुढेच आहे. नवरा आल्याचे कळताच साधुवाण्याची मुलगी कलावती प्रसाद न घेता धावते आणि नवऱ्यासकट नाव बुडते.

जावयाचा काय दोष?

संन्याशाला हसणारे सासरा आणि जावई दोघेही होते, हे पोथीत आहे. पण त्या खोट्याची क्षमा आधीच झालेली. इंग्रज कवी कोलरिजच्या 1798 च्या दीर्घकवितेतही पक्षी मारतो म्हातारा खलाशी, प्राण जातात सोबत्यांचे. 1817 मध्ये कवीने कडेला गद्य टिपा जोडल्या. प्रश्न तरी उरलाच. साधुवाणी कैदेत असताना चोरांनी घर लुटले आणि त्याची बायको लीलावती हिच्यावर अन्नासाठी दारोदार फिरायची पाळी आली, हे गुरुजींनी आधी ठसवले असेल, तर एकाची चूक सगळ्या घराला भोवते हे कथेचे सूत्र श्रोत्यांना इथे उमगते. नुसता प्रसादाचा धाक घातला, तर ते हरवते.

आरतीची घाई असते. तरी कलावतीच्या धावण्यातला आनंद तिच्या चुकीइतकाच वेळ घेऊन सांगावा. आकाशवाणी ऐकून ती घरी जाते, प्रसाद घेते, परत येते आणि नवरा समोर उभा असतो.