मचूळ पाणी

देवबाग म्हणजे अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. एके वर्षी मी वर्गात काचेची पेटी ठेवली. तळाशी वाळू घातली, गप्पी मासे सोडले आणि कोल्हापूरहून आणलेली कॅबोम्बा नावाची पाणवनस्पती लावली. तिची पिसांसारखी हिरवी पाने मुलांना फार आवडली.

एप्रिलमध्ये पाने तपकिरी होऊन गळू लागली. जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी आणि कोवळी पाने फिकी पडली तर लोह कमी, हे मला ठाऊक होते. इथे तर सगळीच पाने करपली होती. मासे मात्र मजेत होते. म्हणून पाण्याचा संशय आला नाही. "तुम्हीच पेटीत काहीतरी टाकता," असे म्हणून मी मुलांना रागावलो.

एक मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, उन्हाळ्यात आपल्या विहिरीचे पाणी मचूळ होते. पेटीत तेच भरतो ना?"

मी विहिरीचे पाणी चाखले. तिचे म्हणणे खरे होते. गप्पी मासे थोडा खारटपणा सोसतात; पण खारे पाणी गोड्या पाण्यातल्या वनस्पतीच्या पानांतला ओलावा ओढून घेते. खाडीकाठचे तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकते. कॅबोम्बाला ते जमत नाही.

मी मुलांची माफी मागितली. सडकी पाने काढली. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून पेटीतले पाणी रोज थोडे थोडे बदलले. काही दिवसांनी शेंड्याला हिरवा कोंब दिसला. तो मी सर्वांत आधी तिलाच दाखवला.