खिचडीच्या शाळेत आणखी एक बाई हवी

प्रिय सुमे,

पत्र मिळालं. नातवाला न्यूयॉर्कच्या सरकारी प्री-केमध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा मिळाली, फी शून्य, अठरा मुलांमागे एक बाई आणि तिच्या मदतीला दुसरी! मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं, तर ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "मग आपलं सरकार काय करतं?" त्याचं उत्तर तुलाच लिहिते. इथे कोणी पुरतं ऐकून घेणार नाही.

तुमच्या शहरानं चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी ही सोय २०१४ साली सुरू केली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्येच बोर्डीला कामाला लागल्या होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या दारात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्रानं एकात्मिक बालविकास योजना आणली, ३३ प्रकल्पांपासून. आज एकट्या महाराष्ट्रात त्या योजनेच्या लाखावर अंगणवाड्या आहेत. तेव्हा नव्यानं जाळं विणायचं कामच नाही.

मग अडतं कुठे? आमच्या खालच्या आळीतल्या अंगणवाडीत मी अधूनमधून गोष्टी सांगायला जाते. परवा ताईंनी मुलांपुढे चिंचोके, खडे आणि बाटल्यांची बुचं एकत्र ओतली होती, वेगवेगळी लावा म्हणून. एका चिमुरडीनं तीन ढीग केले आणि चौथा बाजूला मांडला, त्यात सगळंच थोडं थोडं. ताई तिच्याजवळ बसून "हे का गं वेगळं?" विचारणार, तोच घरपोच आहाराची पाकिटं न्यायला एक गरोदर बाई दारात. तिच्या मागे तान्ह्याचं वजन करायला आलेली आजी. मग पोषण ट्रॅकर ॲपवर नोंद. रेंज मिळेना म्हणून ताई मोबाईल उंच धरून ओट्यावर उभ्या. मदतनीस आत उसळीला फोडणी देत होती. तोवर बुचांची फेकाफेकी सुरू झाली आणि चौथा ढीग कशाचा होता, ते विचारायचं राहूनच गेलं.

आई-बापांना दिसतं ते एवढंच. "तिथं नुसतं खायला घालतात," म्हणतात, आणि खिचडीची शाळा सोडवून तिसऱ्या वर्षीच पोराला टाय लावून व्हॅनमध्ये बसवतात. तिकडे बोटं वळायच्या आत एबीसीडी गिरवून घेतात. फी भरताना घरात ओढाताण होते ती वेगळीच. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

एकट्या ताईंच्या या तारांबळीवर तामिळनाडूत एक छान प्रयोग झाला. काही अंगणवाड्यांत फक्त शिकवण्यासाठी अर्ध्या दिवसाची एक जादा बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं. आणि गंमत म्हणजे खुजेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी झालं! कारण सरळ आहे. मूळच्या ताईंना आहार-आरोग्याकडे नीट बघायला सवड मिळाली. खाऊ की शिक्षण, हा वादच निकालात निघाला.

कागदावर आपण मागे नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला. पण शिक्षणाचा कायदेशीर हक्क अजूनही सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी सरकारनं सोय करावी अशी नुसती अपेक्षा. आणि जिच्या जिवावर हा पाया घालायचा, तिला मिळतं ते मानधन. केंद्राचा आकडा २०१८ पासून महिना ४,५०० रुपये, वरची भर राज्याची. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तेव्हा कित्येक गावांत अंगणवाडीला कुलूप होतं. पोरं दिवसभर घरात आल्यावर आयांना कळलं, त्या काय काय करत होत्या ते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की इमारती रंगवण्याआधी, भिंतींवर हत्ती-घोडे काढण्याआधी, प्रत्येक अंगणवाडीत फक्त मुलांसाठी एक बाई द्या. आमच्या गावात डी.एड. झालेल्या दोन मुली घरी बसून आहेत. ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचा १० टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून एकीला सकाळचे तीन तास नेमा, असं मी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडणार आहे. सरपंचबाई अनुकूल दिसतात, ग्रामसेवक मात्र "तरतूद बघावी लागेल" म्हणतात. तरतूद मीच शोधून ठेवते आहे.

तुझं एक काम. नातवाच्या वर्गाचं दिवसभराचं वेळापत्रक पाठव. दुसरी बाई नेमकं काय काय करते, तेही विचारून घे. फोटो नको, आमच्याकडे फोटो पुष्कळ आहेत. ग्रामसभेच्या आठ दिवस आधी मिळालं तर बरं, झेरॉक्स काढून वाटायच्या आहेत.

तुझी,
कुसुम