हळव्या मुलीच्या आईचं मियाझाकींना पत्र

आदरणीय हायाओ मियाझाकी यांस,



माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि हळवी आहे. मिक्सर सुरू झाला की ती कानांवर हात ठेवते. गोष्टीतला ससा वाट चुकला तर गोष्ट पुढे सरकू देत नाही. ससा घरी पोचतो का, ते आधी सांगावं लागतं. शाळेत बाई दुसऱ्याच कुणावर रागावल्या, तरी हिच्या घशाखाली घास उतरत नाही. नातलगांत तिला 'रडूबाई' म्हणतात आणि मला सल्ले मिळतात: सगळं दाखव, सवय होईल, घट्ट होईल. सल्ला देणाऱ्यांचा जीव आहे तिच्यावर, पण मला तो पटत नाही. अमेरिकेतल्या इलेन ॲरन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा स्वभावावर १९९६मध्ये पुस्तक लिहिलं आणि २००२मध्ये खास मुलांविषयी लिहिलं. काही माणसं जन्मतःच जास्त बारकाईनं टिपतात, जास्त खोलवर घेतात आणि त्यामुळे लवकर शिणतात, तो आजार नव्हे, असं त्या सांगतात. मला हे रोज दिसतं. मिक्सरला घाबरणारी हीच मुलगी अंगणात मुंग्यांची रांग दिसली की पाऊल अधांतरी धरून उभी राहते. तिच्यातला हा गुण घट्ट करून टाकायचा आणि मग मोठेपणी तिला संवेदनशील हो म्हणायचं, हे मला जमणार नाही.

तिला पडद्यावर काय दाखवायचं, या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला तुमच्या 'माय नेबर टोटोरो' या जपानी ॲनिमेशनपटात मिळालं. त्याबद्दल आभार मानायचे आहेत आणि एका बाबतीत तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे, म्हणून हे पत्र.

मुलांचे म्हणून जे सिनेमे आपण डोळे मिटून लावतो, ते एकदा हळव्या मुलाच्या जागी बसून बघावेत. १९४२च्या 'बॅम्बी'मध्ये पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते. १९९४च्या 'द लायन किंग'मध्ये छाव्याच्या डोळ्यांदेखत त्याचा बाप जातो. २००३च्या 'फाइंडिंग नीमो'मध्ये तर बघणारं मूल अजून नीट मांडी घालून बसलेलंही नसतं, तोच नीमोची आई आणि एक सोडून सगळी अंडी नाहीशी झालेली असतात. हे वाईट सिनेमे नाहीत. मला स्वतःला तिन्ही आवडतात. पण आई किंवा बाप जाणं ही पाच वर्षांच्या मुलाची सर्वांत मोठी भीती, आणि ती कथेला गती द्यायला वापरून टाकायची, हे मला जड जातं. आमच्या देशात सिनेमाच्या प्रमाणपत्राला आता यूए ७+, यूए १३+, यूए १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. ते चांगलंच झालं. पण प्रमाणपत्र वय सांगतं, स्वभाव सांगत नाही.

मोठ्यांचा अंदाज आणखी एका ठिकाणी चुकतो. आपण म्हणतो, शेवट गोड आहे ना, मग हरकत नाही. जोन कॅन्टर या संशोधक बाईंनी मुलांच्या पडद्यावरच्या भीतीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात असं दिसलं की बालवाडीच्या वयाची मुलं अर्थापेक्षा रूपाला भितात. टीव्हीवरच्या 'द इनक्रेडिबल हल्क' मालिकेत भला माणूस हिरवा राक्षस होऊन लोकांना वाचवायचा. मोठ्या मुलांना तो तारणहार वाटायचा, लहानग्यांना मात्र त्याचं ते बदलणंच भयंकर वाटायचं. तो वाचवायला आलाय, हे त्यांना सांगून उपयोग नसे.

या हिशेबानं टोटोरो या तुमच्या वनातल्या राक्षसाला बघून माझ्या मुलीनं किंचाळायला हवं होतं. केवढा तो देह, तोंडभर दात, आणि गर्जना अशी की समोरच्याचे केस उडावेत. पण तुम्ही आमची भेट कशी घडवलीत? दोघी बहिणींतली धाकटी, चार वर्षांची मेई झाडाच्या बुंध्यातून घरंगळत त्याच्या बिळात येऊन पडते आणि त्याच्या पोटावर चढते. तो झोपेत असतो. ती त्याचं नाक चाचपते, नाव विचारते, आणि त्याच्या पोटावरच झोपून जाते. पडद्यावरचं मूल घाबरत नाही म्हटल्यावर पडद्यासमोरच्या मुलाला धीर येतो. राक्षसाला गोंडस करून हे साधता आलं असतं. तुम्ही त्याला राक्षसच राहू दिलंत आणि मुलीला आधी पुढे पाठवलंत.

मला त्याहून मोलाची वाटतात ती मेईच्या भोवतीची मोठी माणसं. नव्या घरात काळोखातून काजळीचे गोळे पळतात, तेव्हा शेजारची आजी 'भास झाला तुम्हाला' असं म्हणत नाही. लहानपणी मलाही दिसायचे, असं सांगते. घर नांदतं झालं की ते आपण होऊन निघून जातात, असं सांगते. रात्री वाऱ्यानं घर करकरतं, न्हाणीघरात दोघी मुली बापाला बिलगतात, तर बाप मोठमोठ्यानं हसायला लागतो, मुलींनाही हसायला लावतो, आणि वारा बाहेरच राहतो. मेई टोटोरोची वाट दाखवायला जाते आणि वाट सापडत नाही, तेव्हा बापाला आणि बहिणीला क्षणभर हसू येतं. मेई चिडते, मी खोटं बोलत नाहीये म्हणते. त्यावर बाप काय करतो? तो म्हणतो, तू वनाच्या राजाला भेटली असशील, तो काही नेहमी भेटत नाही. आणि दोघींना घेऊन त्या कापराच्या झाडाला नमस्कार करायला जातो. (आम्हाला कापूर ठाऊक तो आरतीच्या तबकातला. त्याचा एवढा मोठा वृक्ष असतो, हे माझ्या मुलीला तुमच्यामुळे कळलं.) मुलांच्या किती सिनेमांत मोठी माणसं एकतर मूर्ख असतात, नाहीतर दुष्ट, नाहीतर मेलेली. तुमच्याकडे ती शहाणी असतात आणि मुलावर विश्वास ठेवतात. हळव्या मुलाला नेमकं हेच हवं असतं.

म्हणून तर तुमच्या सिनेमातलं दुःख तिला सोसवतं. कारण दुःख आहेच तिथे. मुलींची आई इस्पितळात आहे. आजाराचं नाव सिनेमात घेतलेलं नाही. तुमच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षय होता आणि त्यांनी कितीतरी वर्षं अंथरुणात काढली, हे वाचल्यावर मला त्या इस्पितळाच्या खिडकीचा अर्थ कळला. तार येते, आईचं घरी येणं लांबतं, इतका वेळ मोठेपणानं वागणारी थोरली बहीण सात्सुकी आजीजवळ हमसून रडते. आजीच्या मळ्यातलं खाल्लं की आई बरी होईल, या भरवशावर मेई मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच निघते आणि हरवते. तळ्यात एक लहानशी चप्पल सापडते.

त्या चपलेपाशी मी पुष्कळ विचार केला. तेवढा भाग गाळता आला असता. मी गाळला नाही. सिनेमा लावण्याआधीच मुलीला सगळी गोष्ट सांगितली: मेई हरवते, लोक तळ्यात शोधतात, चप्पल मेईची नसते, मेई रस्त्याकडेच्या दगडी मूर्तींपाशी बसलेली सापडते, आणि आई बरी होऊन घरी येते. शेवट आधी सांगितला की मजा जाते, असं मोठ्यांना वाटतं. हळव्या मुलाची मजा शेवट कळल्यावरच सुरू होते. चप्पल दिसली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला, आणि सगळ्यांच्या आधी मला सांगितलं, 'तिची नाहीये ती.' त्या आवाजात भीती होती आणि जरासा अभिमानही. सवयीनं येणारा धीटपणा आणि हा धीटपणा एक नाही, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही सिनेमा जपानीतच लावतो आणि मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. त्याचा फायदा असा की मला जरूर वाटेल तिथे थांबता येतं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, अशी मर्यादा सुचवली आहे. तुमचा सिनेमा ८६ मिनिटांचा, म्हणून आम्ही तो दोन दुपारी वाटून बघतो. दुपारीच, कारण रात्री बघितलेलं थेट झोपेत जातं. दिवा चालू, आवाज कमी, रिमोट तिच्या हातात. थांबवायचा हक्क आपल्याकडे आहे म्हटल्यावर ती तो क्वचितच वापरते.

आणि तुमचा संथपणा. बसथांब्यावर पाऊस पडतो, मुली बाबांची वाट बघतात, एक बेडूक येतो, छत्रीवर थेंब पडतात, आणि बराच वेळ काहीही घडत नाही. रॉजर ईबर्ट या समीक्षकांशी बोलताना तुम्ही टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या आणि दोन टाळ्यांच्या मधली मोकळी जागा किती महत्त्वाची, ते समजावलं होतं. आमच्या मुलांच्या हातातल्या मोबाइलवर ती जागा उरलेलीच नाही. एक व्हिडिओ संपत नाही तोच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि तो कुणी निवडलेला असतो, ते आईबापांना माहीत नसतं. ज्या मुलाला एकेक गोष्ट पचायला वेळ लागतो, त्याच्यासाठी मला ही आपोआप सुरू होणारी रांग राक्षसाहून जास्त घातक वाटते. माझ्या घरात ती बंद आहे.

तुमच्या नावावर विसंबून मात्र कुणी डोळे मिटू नयेत, हेही सांगायला हवं. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये 'टोटोरो' प्रदर्शित झाला तो तुमच्याच स्टुडिओतल्या इसाओ ताकाहातांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'बरोबर, एकाच तिकिटात. एका पडद्यावर मेई सापडते आणि दुसऱ्यावर युद्धात अनाथ झालेली तेवढीच लहान मुलगी उपाशी मरते. दुसरा सिनेमा थोर आहे, पण त्या दिवशी मुलांचा हात धरून थिएटरात गेलेल्या आयांचा विचार माझ्या मनातून जात नाही. तुमचा स्वतःचा १९९७चा 'प्रिन्सेस मोनोनोके'ही लहानांसाठी नाही, त्यात हात तुटतात, मुंडकी उडतात. तोच स्टुडिओ, तीच सुंदर चित्रं. पालकांनी आधी स्वतः बघावं, याला दुसरा मार्ग नाही.

आता भांडण. आमचं मूल 'टोटोरो' पुन्हापुन्हा बघतं, असं पालक कौतुकानं कळवतात तेव्हा तुम्हाला आनंदाऐवजी काळजी वाटते, हे तुम्ही बोलून दाखवलं आहे. वर्षातून एखाद्या वेळी पुरे, मुलांनी बाहेर जावं, ओकची फळं वेचावीत, असं तुमचं म्हणणं. बाहेर जाण्याबद्दल दुमत नाही. पण हळव्या मुलाला तेच ते बघू द्यावं, असं मला वाटतं. सतत नवं बघणं म्हणजे सतत सावध राहणं; ओळखीच्या गोष्टीत ते अंग सैल सोडू शकतं. पहिल्या खेपेला माझ्या मुलीनं चप्पल पाहिली. नंतर केव्हातरी तिला दिसलं की सात्सुकीही घाबरलेली आहे, फक्त दाखवत नाही. हे तिनं मला सांगितलं, मी तिला सांगितलं नव्हतं. आणि बाहेर म्हणाल, तर आमच्या सोसायटीच्या आवारातल्या गुलमोहराच्या बुंध्याशी ती रोज वाकून बघते.

तुमच्यासारखेच अमेरिकेत फ्रेड रॉजर्स होते. १९६८पासून २००१पर्यंत त्यांचा मुलांचा कार्यक्रम चालला. एका अंध मुलीचं त्यांना पत्र आलं, की तुम्ही कार्यक्रमात माशांना खाऊ घातलात की नाही ते मला कळत नाही आणि मासे उपाशी असतील अशी काळजी वाटते. तेव्हापासून ते खाऊ घालताना तसं मोठ्यानं सांगू लागले. एका मुलीची काळजी मिटावी म्हणून त्यांनी आपला कार्यक्रम तेवढा बदलला. तुम्ही आणि ते एकाच जातीचे कलावंत, असं मी मानते.

हे पत्र टोकोरोझावातल्या तुमच्या घरापर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून शेवटचं आमच्या माणसांशी बोलते. मराठीत मुलांसाठी सिनेमा, मालिका, ॲनिमेशन करणाऱ्यांनो, पुण्यात एके काळी 'बालचित्रवाणी' ही संस्था होती, दूरदर्शनवर मुलांसाठी मराठीत निवांत काही लागायचं. आज माझ्या मुलीला तिच्या भाषेत असं काही दाखवायला मी शोधते तेव्हा हाताला फार थोडं लागतं. वीस मिनिटांचंच करा. त्यात कुणाला बुकलून काढू नका, विनोदासाठी कुणाला घाबरवू नका, आणि मूल काही सांगायला आलं तर त्यातल्या एका तरी मोठ्या माणसाला खाली बसून ऐकू द्या. माझी मुलगी तोवर मोठी झालेली असेल. तिच्यामागून येणाऱ्या हळव्या मुलांसाठी करा.

आपली,
एका पाच वर्षांच्या मुलीची आई