स्लो सेट करताना

जुनी प्रीमियर पद्मिनी घरच्या घरी, एकट्याने उभी करायला घेतली की पहिली अडवणूक इंजिन करत नाही, ब्रेक करतात. नळ्यांतली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल मारायचं आणि दुसऱ्याने चाकामागचं निपल क्षणभर सैल करायचं. काम मुळात दोघांचं. एकटा माणूस निपलला पारदर्शक नळी लावतो, तिचं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवतो आणि पेडल ते चाक अशा येरझाऱ्या घालतो. सोसायटीतल्यांची तेवढीच करमणूक.

इंजिनापाशी मात्र दुसरं माणूस नकोच. शेजारी उभा राहून कुणी ‘आता बरी वाटतेय’ म्हणालं की आपल्या कानालाही ती बरी वाटू लागते. फियाटच्या घराण्यातलं हे 1089 सीसीचं इंजिन. ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी यानेच ओढल्या. सेन्सर नाही, संगणक नाही. आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट फीलर गेजने लावायची, मग टायमिंग, शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम मोडता येत नाही, कारण फट बदलली की टायमिंगही सरकतं. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या आणि गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली याचा पत्ताच लागत नाही. बिघडण्यापेक्षा मला अशा सुधारण्याचीच जास्त धास्ती वाटते.

स्लो, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाची मंद चाल, सेट करताना कार्ब्युरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. मग चक्कर मारून प्लग काढून बघायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका पडला असेल तर कमी. फिकट तपकिरी आला की समजायचं, जमतंय.

खरी मेख पेट्रोलमध्येच आहे. मॅन्युअलमधले जेटचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रांचे, आकडे ज्या पेट्रोलसाठी छापले, ते आता पंपावर मिळत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांचं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला जेमतेम 9 पट. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वीइतकंच इंधन आलं तर हवा वरचढ ठरते. त्यात मी पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर. इथली हवा किंचित विरळ, ती मिश्रण उलट्या बाजूला ओढते. दोन चुका एकमेकींना थोडं सावरून घेतात, पण हिशेब पुरता मिटत नाही. शिवाय इथेनॉल जुने रबरी पाइप फुगवतं, टाकीच्या तळाचा गाळ सोडवून थेट जेटपर्यंत आणतं. त्यामुळे पाइप बदलले, फिल्टर लावला. मॅन्युअल जवळ असतं, पण त्याचा शब्द शेवटचा मानत नाही. ते खोटं नाही, फक्त दुसऱ्या पेट्रोलविषयी बोलतंय.

मुख्य जेट एक पायरी मोठा टाकलाय. पिकअप सुधारला, सपाटीवर तक्रार नाही. चढावर अजून मिस मारते. त्याच्या वरचा जेट मागवलाय. तो येईपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही.